चौथा खाना

—शाई नाही म्हणतो न मी, भाग्यश्री मॅडम. शाई दुकानात भेटते. हा बिब्बा आहे. खोडा ते अन् बिब्बा लिवा. तुमच्या स्पर्धेच्या फारमात पेन्सिल, शाई, कोळसा असे तीनच खाने, त्याले मी काय करू — चौथा पाडा, एक रेघच तर ओढा लागते. तळहाताहून मोठं चित्र चालत नाही, असं बाहेर फळ्यावर तुमीच लिवलं. हे पाहा, पुरी चिंधीच तळहाताएवढी, अन् तिच्यावर एकवीस चित्रं. तो हैदराबादचा परीक्षक भिंग घेऊन हिंडून राह्यला न, ते आणा — सकाळपासून त्यातून काही दिसलं काय, तेबी इचारा. हसू नका, आयकन तो.

बिब्बा काऊन? आमी वरठी, नार्नूरकडचे. गावाचे कपडे धुवाचे म्हणजे खूण लागते, नाहीतर याचं त्याच्या घरी. दुसरे वरठी ठिपके पाडत — दोन पाटलाचे, तीन मास्तराचे. बिब्ब्याले सुई टोचाची, काळा रस निघते, तो लावाचा, वरून चुना — कपडा फाटते, खूण जात नाही. आमच्या घरी ठिपके नव्हते. पाटलाच्या सदऱ्यावर बैल, शिंगासकट, ज्वारीच्या दाण्याएवढा. मास्तराच्या धोतरावर चष्मा. सोजरबाई सुईण, तिच्या लुगड्यावर पाळणा. अन् ही चिंधी म्हणजे साऱ्या गावाची वही — कोणतं चित्र कोणाचं, सुनेले समजावं म्हणून काढून ठेवलेली.

कोणी काढली म्हणजे? मीच. लिवा, खुशाल... माहे हात काऊन पाहून राह्यल्या? बिब्ब्यानं बोटं जळतात, डाग जल्मभर राह्यते — हे तुमाले कोण सांगतलं? आजीनं? म्हाताऱ्या लई चोंबड्या.

बरं. साफ आहेत माही बोटं. चित्रं काढे बयना, माही बायको. मी गाठोडी पोचवाचो. अन् खोड्या कराचो — एकडाव सरपंचाच्या नाडीच्या चड्डीवर मास्तराचा चष्मा काढला, गुपचूप, तिच्याच सुईनं. पोळ्याच्या दिवशी मास्तरीणबाईनं आपलं गाठोडं दारातच सोडलं, अन् त्यातून निघाली सरपंचाची चड्डी. सारं गाव हासलं, मॅडम, अन् सर्वायच्या पुढे मी! मंग चड्डी घेऊन सरपंच आमच्या दारात आला. बयनाले म्हणे, "खूण तुझी, चूकबी तुझीच." लई बोलला. तिनं मान वर करून माह्याकडे पाह्यलं. मी तोंडावर उपरणं धरून होतो — हासू दाबून राह्यलो होतो. चष्म्याची एक काडी वाकडी आली होती न, तिची कधी वाकडी येत नसे. हात कोणाचा, तिले कळलंच. बोलली नाही. मीबी नाही बोललो. दुसऱ्या दिवसापासून ठिपके. पाटलाले दोन, मास्तराले तीन. मरेपर्यंत ठिपकेच.

हयात चित्रकारच पाहिजे? कुठं लिवलं? फळ्यावर तळहात आहे, हयात नाही. मी वाचून आलो, चवथी शिकलो म्हटलं. परीक्षकाले बोलवा नाहीतर तुमच्या कलेक्टराले बोलवा — एकडाव गप बसलो होतो मी, आता बसत नसतो. अन् खुर्चीबी सोडत नसतो. मांगं रांग लागली तर लागू द्या, त्यायलेबी सांगतो सरपंचाच्या चड्डीची गोष्ट, टाइमपास होते त्यायचा.

हं. ओढा रेघ. पाडा खाना. अन् माहं नाव — खुशाल खोडा. बयनाबाई.

लिवलं? तेलुगूत लिवलं काय — मले येत नाही ते. वाचून दाखवा.

पुन्हा वाचा.

बस. बोलवा पुढच्याले.