आत कोण जाणार

स्टेडियममधल्या दवाखान्याबाहेर मी मनगटाला बर्फ लावून बसलो होतो. जागतिक स्पर्धेतली पुरुषांची उंच उडी नुकतीच संपली होती. शेवटच्या उडीत घोटा मोडून घेतलेल्या खेळाडूची आई आणि त्याचे सर समोरच्या बाकावर होते.

“सर, त्याचा डावा पाय आधीपासून दुखत होता ना?”

“नाही हो ताई. उडी घेताना वाकडा पडला.”

“मग सकाळी त्या पायात दोन मोजे कशाला?”

“थंडी वाजत असेल.”

“एकाच पायाला?”

“अहो, कांस्यपदक मिळालं, तेही बघा ना.”

“ते गळ्यात घालून चालता येणार आहे का त्याला? पदकापायी तुम्ही दुखऱ्या पायानं उडवलंत माझ्या पोराला.”

“शपथेवर सांगतो, मी खोदून खोदून विचारलं. म्हणाला, आईनं डॉक्टरला दाखवलंय, काही निघालं नाही.”

“मी? मला तर म्हणाला, सरांनी एक्स-रे काढलाय, पाय ठणठणीत आहे.”

“मी कुठला एक्स-रे काढला?”

“खोटं बोलताय तुम्ही.”

“आणि तुम्ही खरं बोलताय कशावरून?”

“जेवता जेवता सांगितलं हो त्यानं मला. हसत.”

“मलाही हसतच सांगितलं.”

मग दार उघडून नर्स बाहेर आली.

“प्लास्टर घालतोय. एकालाच सोडते आत. कोण येतंय?”

“सर, तुम्ही जा. मला तो खरं सांगायचा नाही.”

“मला तरी कुठे सांगितलं, ताई?”

नर्स दार धरून उभी राहिली.