पडद्याआडून आलेल्या हसण्याबाबत

जबाब देणार: तक्रारदारांची थोरली वहिनी, वय ५४ वर्षे, शिक्षण मॅट्रिक पास, काम घर सांभाळणे, राहणार तक्रारदारांच्याच घरी, तळमजल्यावरची मागची खोली.

साहेबांनी बोलावल्यावरून आज सकाळी साडेदहा वाजता चौकीत स्वतः हजर राहून, देवाला स्मरून सांगते ते असे.

तक्रारदार हे माझे धाकटे दीर. यजमान वारल्यापासून सोळा वर्षे मी त्यांच्याकडे आहे. त्यांनी मला कधी परके मानलेले नाही. घरातील किल्ल्या, कागदपत्रे व जमाखर्च माझ्याकडे असतो. त्यांच्या पत्नी म्हणजे माझी जाऊ, तिला घरात सगळे धाकटी म्हणतात. तिला घशाचा कर्करोग आहे. औषधांनी तिचे केस व भुवया गेल्या, गाल बसले, आवाज घोगरा झाला. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात गेल्या महिन्याच्या पंधरा तारखेस तिचे ऑपरेशन ठरले होते. ही तारीख हुकली तर पुढची सहा आठवड्यांनी मिळेल व तोवर गाठ थांबणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते. म्हणून चौदा तारखेस मी, दीर व धाकटी असे तिघे विमानाने निघालो. मी विमानात प्रथमच बसणार होते.

खाली दिलेल्या वेळा अंदाजाने सांगितलेल्या नाहीत. धाकटीच्या औषधांची वही मी ठेवते, त्यात गोळीची वेळ आणि त्या वेळी आम्ही कुठे होतो ते लिहिलेले असते. वही सोबत आणली आहे.

आम्ही नऊ वाजून पाच मिनिटांनी विमानतळाच्या दाराशी पोचलो. दारावर शिपाईबाई होत्या, ज्यांच्याविरुद्ध ही तक्रार आहे. दिरांचे ओळखपत्र त्यांच्या खिशात होते. ते दाखवून ते आत गेले व काचेपलीकडे थांबले. मी माझ्या व धाकटीच्या ओळखपत्राच्या झेरॉक्स पुढे केल्या. शिपाईबाईंनी त्या दोन्ही बाजूंनी पाहिल्या आणि म्हणाल्या, मूळ कार्ड लागेल, झेरॉक्स कोणीही कोणाचीही काढू शकतो.

यात त्यांचे काही चुकले असे मला वाटले नाही व आजही वाटत नाही. कपाटाची किल्ली मी कोणाच्या तोंडी निरोपावर देत नाही.

मूळ कार्डे माझ्याकडे होती, पण ती पिशवीच्या अस्तरात शिवलेली होती. काही वर्षांपूर्वी बसमध्ये माझी पर्स चोरीला गेली आणि सगळ्यांचे कागद नव्याने काढताना मला आठ महिने हेलपाटे पडले. तेव्हापासून आमच्या घरचे मूळ कागद प्रवासात शिवून नेण्याची पद्धत मी पाडली. निघायच्या आदल्या दुपारी मी दुहेरी दोऱ्याने, बारीक टाक्यांनी अस्तर बंद केले होते. विमानात कात्री चालत नाही असे वाचले होते म्हणून कात्री घरी ठेवली. म्हणजे नियमाचा एक भाग मी इतका पाळला की दुसरा पाळता येईना. दाराशी जो वेळ गेला, त्याचे मूळ कारण हे आहे. ही चूक माझी एकटीची असून दिरांच्या तक्रारीत ती लिहिलेली नाही.

मी हे सांगितल्यावर शिपाईबाई हसल्या नाहीत. त्यांनी आधी धाकटीसाठी आतून खुर्ची मागवली, आमच्या मागची रांग शेजारच्या दाराकडे वळवली, आणि स्वतःच्या खिशाची सेफ्टी पिन काढून माझ्यासमोर जमिनीवर उकिडव्या बसल्या. मी दातांनी दोरा तोडू लागले तर म्हणाल्या, "राहू द्या काकू, कापड फाटेल." मग एकेक टाका पिनेच्या टोकाने उचलून त्यांनी अस्तर उसवले. मध्येच म्हणाल्या, "काकू, एवढे पक्के टाके तर विमानालाही नसतील हो." सव्वानऊची गोळी मी धाकटीला तिथेच दिली. पाणी शिपाईबाईंच्या बाटलीतले होते.

नऊ वाजून पंचवीस मिनिटांनी दोन्ही कार्डे बाहेर आली. अस्तराला कुठे भोक पडले नव्हते. उसवलेला दोरा त्यांनी बोटाला गुंडाळून, त्याची लहानशी लड करून माझ्या हातावर ठेवली. सोळा वर्षांत आमच्या घरात एकाही माणसाने उसवलेला दोरा मला परत आणून दिलेला नाही. ही गोष्ट प्रकरणाशी संबंधित नसल्यास साहेबांनी खोडावी.

माझे कार्ड लगेच पास झाले. धाकटीच्या कार्डावर मात्र नऊ वर्षांपूर्वीचा फोटो आहे. त्यात तिचे भरलेले गाल आणि खांद्यावर घेतलेली वेणी आहे. समोर खुर्चीत जी बसली होती, ती कपाळापर्यंत स्कार्फ बांधलेली, बिनभुवयांची बाई होती. शेजारच्या रांगेतले एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले की ह्या त्या नव्हेत, सरळ दिसतंय. शिपाईबाईंनी त्यांना त्यांचे तिकीट तयार ठेवायला सांगितले. कार्डातली तू नाहीस, असे त्या धाकटीला एकदाही म्हणाल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "ताई, दोन मिनिटं आत बसू या का? इथे ऊन येतंय." ऊन येत नव्हते.

दाराच्या आत डाव्या हाताला बायकांच्या तपासणीची पडद्याची खोली आहे. तिथे आम्ही तिघी नऊ एकोणतीसला गेलो. चौथे कोणी नव्हते. दीर पडद्याबाहेर दहा पावलांवर उभे होते. त्यांना आतले दिसत नव्हते.

चारचौघांत स्कार्फ काढायला लावला असे तक्रारीत आहे. ते खरे नाही. शिपाईबाई एवढेच म्हणाल्या की, "ताई, एक कान दिसला तरी मला पुरे." त्यावर धाकटीने आपल्या हाताने सगळा स्कार्फ सोडला व मांडीवर घडी करून ठेवला. चार महिन्यांत तिने तो माझ्यासमोरही काढला नव्हता. मी तिची जाऊ, तिचे पथ्यपाणी करणारी. मी भिंतीकडे पाहिले. शिपाईबाईंनी भिंतीकडे पाहिले नाही. त्यांनी कार्ड कानाशेजारी धरले, मग दुसऱ्या कानाशेजारी धरले, आणि घाई न करता पाहिले. पुढचे बोलणे झाले तसे सांगते.

शिपाईबाई म्हणाल्या, "केस जातात, गाल जातात. कान कुठे जात नाही. फोटोतल्या तुम्हीच आहात."

धाकटी म्हणाली, "नक्की ना? मला आरशात कितीतरी दिवस शंका येते."

शिपाईबाईंनी तिच्या तिकिटावर शिक्का मारला आणि म्हणाल्या, "आता सरकारी शिक्का बसला. आता तुम्ही नाही म्हणालात तरी चालायचं नाही."

त्यावर हसण्याचा आवाज झाला.

काल रात्री जेवताना दीर मला म्हणाले होते, "वहिनी, बाकी काही सांगू नका. पडद्याआडून हसण्याचा आवाज आला, एवढंच सांगा." त्याप्रमाणे सांगते की, आवाज आला. तो मोठा होता, घोगरा होता, व मध्ये खोकला येऊन पुन्हा सुरू झाला. तो धाकटीचा होता. शिपाईबाई हसल्या नाहीत, त्या तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या होत्या.

दिरांना तो आवाज ओळखू आला नाही, यात मी त्यांना दोष देत नाही. आजारपण सुरू झाल्यापासून घरात ती हसलीच नव्हती, आणि घशामुळे हसणे बदलले होते. बाहेर आल्यावर त्यांनी रागाने विचारले की माझ्या बायकोची काय चेष्टा चालली होती. तेव्हा नऊ चाळीस झाले होते आणि अजून बॅगा द्यायच्या होत्या. धाकटी काही सांगू लागली तर तेच म्हणाले, तू बोलू नकोस, घसा जप. विमानात त्यांची जागा पुढे होती. नंतर त्यांनी विचारले नाही व मीही आपणहून सांगितले नाही. ही माझी दुसरी चूक.

दाराशी तासभर अडवले असे तक्रारीत आहे. वहीप्रमाणे ती पस्तीस मिनिटे होतात, त्यातली वीस माझ्या टाक्यांची. विमान चुकले नाही. ऑपरेशन ठरल्या दिवशी झाले. गाठ निघाली. आवाजाची पेटी काढावी लागली.

आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी दिरांना बावीस तारखेस सकाळी सांगितले. तक्रारीवर बावीस तारीख आहे. याहून अधिक मला त्याबाबत सांगायचे नाही.

शिपाईबाईंना सध्या दारावरून हटवले आहे व या जबाबावर त्यांची नोकरी राहील की जाईल ते ठरेल, असे साहेबांनी मला सांगितले. माझी त्यांच्याशी ओळख नाही, त्यांचे नावही मला ठाऊक नाही. त्यांनी आम्हाला कोणतीही सूट दिली नाही. मूळ कार्ड पाहिल्याशिवाय आणि चेहरा पटल्याशिवाय त्यांनी आम्हाला सोडले नाही. नियम मी पुष्कळांना पाळताना पाहिले आहे, स्वतः पाळते. नियम पाळताना समोरच्या माणसाला मोठे करणारी बाई मी त्या दिवशी पाहिली. देवाच्या दारातही माझी अशीच पारख व्हावी, अशी माझी इच्छा आहे.

धाकटी आता वहीत लिहून बोलते. काल दुपारी मी तिला विचारले की चौकीत खरे सांगू का, की आधी घरी भाऊजींना एकटे गाठून सांगू. तिने लिहिलेला कागद जबाबासोबत जोडला आहे. त्यात असे आहे: "चौकीतच सांगा. एकटे असले तर रडतील. चारचौघांत फार तर रागावतील."

माझ्या माहितीप्रमाणे हकीकत एवढीच आहे. लेखनिकांनी ती पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचून दाखवली. ती माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिली आहे. वाचन चालू असताना दीर समोरच्या बाकावर बसून होते. वाचून झाल्यावर त्यांनी लेखनिकांकडे एक कोरा कागद मागितला.

माझ्या विनंतीवरून सहीपूर्वी एक ओळ वाढवली आहे, ती अशी की, ते रागावले नाहीत.