आपोआपची खूण

नाही, माझ्यावर विश्वास ठेवला कुणी? सांगा ना, ठेवला? — तुम्ही लॅपटॉप दुरुस्त करणारे, तुमचं जाऊ द्या — पण सख्खा भाऊ! सख्खा धाकटा भाऊ म्हणाला, ‘अक्का, पत्ता तूच फोडलास.’ का? तर माझ्या तोंडाला कुलूप नाही. लाँड्रीत सगळे मला पाठीमागे भोंगा म्हणतात, ठाऊक आहे मला. इस्त्रीत हात गुंततात, तोंड रिकामं राहतं, मग बोलते. पण बहिणीच्या जिवाचं बोलेन मी? ज्या नवऱ्यानं तिचं मनगट मोडलं त्याला जाऊन सांगेन, की ये बाबा, वखारीमागच्या हिरव्या दारात लपवलीय, वरची खोली — आता तुम्हाला सांगितलं ते वेगळं. तुम्ही डॉक्टरसारखे. डॉक्टरपासून लपवून चालतं का?

घ्या, उघडा तिचा लॅपटॉप. टॉवेलात गुंडाळून आणलाय, मागच्या दारानं. पुढच्या दारासमोर तिचा नवरा उभा आहे ना! सकाळपासून. हात खिशात, तोंडातून ब्र नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. चिंगीला — धाकटीला हो — आत ठेवलं, बाहेरून कुलूप घातलं नि आले. ज्यांची खोली आहे त्या खानावळवाल्या बाई जिन्यात बसल्यात, मांडीवर लाटणं घेऊन. हसू नका, त्यांचा हात बघितलेला नाही तुम्ही.

आधी माझ्याच खोलीत आणलं होतं तिला. का? तर माझ्याकडे वायफाय नाही. वायफाय नाही म्हणजे हा डबा आंधळा, असा माझा हिशेब — चौथीपर्यंत शिकलेलीचा हिशेब, दुसरा काय असणार. डबा मागे टाकावा तर भरतकामाच्या मशीनची नक्षी ती ह्याच्यावरच काढते, पोट आहे तिचं त्यावर. आणि तरी तो दारात हजर! तेव्हा तुम्हीच उलगडून सांगितलंत — ह्याच्या पोटात सिम आहे, वायफाय दिसलं नाही की हा आपोआप मोबाइलच्या डेटाला जाऊन चिकटतो, आणि चिकटला की नवऱ्याच्या फोनवर नकाशात ठिपका, कारण डबा त्याच्या नावावर. वासरू सुटलं की गायीकडे, तसं. मी म्हटलं, मग सिमच काढा मुळापासून. तर चिंगी काय म्हणाली, आठवतंय? ‘राहू दे गं अक्का, अडीअडचणीला लागेल, नुसती खूण काढू दे.’ तुम्ही ती ‘आपोआप जोडा’पुढची बरोबरची खूण पुसलीत, मला बोट ठेवून दाखवलीत. पुन्हा कुणी लावू नये म्हणून नवा पासवर्ड घालायला लावलात. आपण दोघांनी तोंड फिरवलं आणि तिनं डाव्या हातानं टाकला — उजवा प्लास्टरमध्ये.

मग जागा बदलली. नव्या जागेचं मी इस्त्रीलासुद्धा सांगितलं नाही. तरी आला! आणि बोट कुणाकडे? भोंग्याकडे. मी म्हटलं, मी नाही बोलले. तर भाऊ म्हणतो, ‘तू नाहीस तर मग काय तिनंच बोलावलं त्याला? तसं असेल तर तिनं खुशाल जावं त्याच्याबरोबर, पण पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही.’ ऐकलंत? आणि थोड्या वेळात तोच गाडी घेऊन येतोय, तिला आपल्या घरी न्यायला. लांब आहे त्याचं घर. तेवढाच एक थारा उरलाय तिला. म्हणून म्हटलं, आधी डब्यातला दोष काढून दाखवते त्याच्या नाकासमोर — हं, काय दिसतंय?

असं काय बघताय माझ्याकडे?

खूण आहे? परत? — घ्या! म्हटलं नव्हतं मी? आपोआप आली असेल, आपोआपचीच खूण ती… नाही येत? ते अपडेट की काय होतं, त्यानं? त्यानंही नाही. मग तो करत असेल, लांबून, बसल्या जागेवरून — नाही. बरं. ह्याच डब्यासमोर बसून, पासवर्ड घालून, हातानं लावावी लागते. बरं. पण पासवर्ड तर —

काल केस धुतले तिनं. एका हातानं. मी म्हटलं, थांब, मी पाणी घालते, तर नको म्हणाली. मग खिडकीत जाऊन बसली. मी खेकसले, हो बाजूला, दिसशील कुणाला! तर म्हणते, ऊन छान आहे गं. कानात ते मोती. त्यानंच दिलेले. आणि मी वेडी मनात म्हणतेय, चला, सावरतेय पोर.

तुम्ही काही बोलू नका. नुसतं एक सांगा — डबा आत्ता चालू आहे, म्हणजे ठिपका आत्ता कुठे आहे? इथे? तुमच्या दुकानात?

मग बंद नका करू! हात काढा. राहू दे चालू. तो तिथून हलेल, हलेलच, आणि इकडे येईल. तेवढ्यात हिरवं दार मोकळं. घाबरू नका, बायकोवर हात उचलणारा पुरुषासमोर मांजर असतो. ‘दुरुस्तीला आलाय’ म्हणा, आणि बसवून ठेवा. डबा गेला तर गेला. चिंगीशी काय बोलायचं ते मी बघते. ती रडेल, मला शिव्या देईल, देऊ दे.

आणि भाऊ फोन करेल तुम्हाला. यंत्रावर घालू नका — वायरमन आहे तो, येऊन उघडून बघेल आणि त्याला सगळं कळेल. डबा स्वच्छ होता म्हणा. मग विचारेल, पत्ता फोडला कुणी? ‘मला काय ठाऊक’ म्हणू नका, मग त्याचं डोकं चालायला लागतं. सांगा, ती बाई माझ्या दुकानात येऊनसुद्धा बडबडत होती — वखार काय, हिरवं दार काय, वरची खोली काय. खोटं आहे का? नाही ना? मग झालं. टॉवेल द्या तेवढा. कोण बाई म्हणाला, तर बेधडक नाव घ्या — भोंगा.