ताटली वाजवली अन् पोरगी वळली

मी जळगाव जामोदची. अब्बा कपडे शिवत, अन् मी शिकली कान तपासाचं, न बोलणाऱ्या लेकरायले बोलतं कराचं. नात्यातल्या बाया अजून इचारतात, कानातला मळ काढतं का बाई? हाव म्हणून मोकळी होते.

पण काय सांगू तुम्हाले, हे काम लय भेवाचं हाये. सुई चुकली तं रक्त दिसते, इथं चुकलं तं दोन दोन वर्ष काईच दिसत नाई.

सरकारी दवाखान्यात माहं पह्यलंच वर्ष होतं. वडनेर भोलजीची सुनीता आली, आठ महिन्याची पोरगी मांडीवर, संगं सासू. सासू म्हणे, घरी ताटली वाजवून पाह्यली, पोरगी बराबर वळते, हिलेच उगी शंका. लेकराले झोपवून डोक्याले तारा लावतो ना आम्ही, थे मशीन तवा दुरुस्तीले गेलतं. पोरीले तपासाले अकोल्याच्या दवाखान्यात पाठवाचं होतं मले, नाई पाठवलं. सासूनं तिथंच पोरीच्या मांगून संगं आणलेल्या ताटलीवर चमचा हाणला, पोरगी वळली, अन् म्या कागदावर लिहून देल्लं, ऐकू येते.

दोन वर्षानं थेच बाई दारात, पोरगी एक शब्द बोलत नाई म्हणे. यावेळी तारा लावल्या. दोन्ही कानात काईच नाई. मंग ध्यानात आलं, सासूनं चमचा उचलला का माय तिकडे पाहे, अन् पोरगी मायचे डोळे पाहून वळे. घराघरात असंच तपासतात लोक, पण म्या तं शिकेल होती ना.

सुनीता भांडली नाई. एवढंच बोलली, मॅडम, माह्या मनात होतं, पण तुमचा कागद पाहून मी चूप बसली.

ऑपरेशन झालं, कानात यंत्र बसलं. पण इतक्या उशिरानं शब्द येतीलच असं कोणी छातीठोक सांगत नाई. दर मंगळवारी मायलेकी एसटीनं येत, अन् माह्या मनात सोमवारपासूनच एक सवाल. आज बी नाई बोलली तं? किती महिने नुसते फुगे, बाहुल्या, टाळ्या. मंग एक दिवस पोरीनं मायचा पदर ओढला अन् म्हणलं, आई. सुनीता रडता रडता हसली. मले हसू आलं नाई. हा शब्द तिले कवाच भेटाचा होता, मधले दिवस म्या खाल्ले.

आता पाच वर्षाची हाये, मोडकं-तोडकं बोलते. आजी कुरकुरते, लय तोंड चालवते म्हणे. चालू द्या, अल्ला तिची जबान अशीच चालू ठेवो. मी मात्र ऐकू येते असं लिहाची वेळ आली का आज बी थांबते, पुन्हा तारा लावते. हे भेव कवा जाऊ नये, एवढंच मागते.