वरचा एकटा ठिपका

आलेखातला हा वरचा ठिपका ना? चूक नाही ती, नेल्लीबाई. मला वाटलंच होतं तुम्ही इथं अडाल — विद्यापीठाच्या रेक्टरसाहेबांनी तीस वर्षांचे आकडे काढायला पाठवलेली बाई, तिच्या नजरेतून काय सुटतंय? बसा. चहा घ्या, आणि हे मधाचे केक — कडक झालेत, बुडवून खा. तर आमच्या त्रैमासिकात एकूण अकराशे चाळीस लेख. हाती आल्यापासून छापून येईपर्यंत सरासरी नऊ महिने. खेड्यापाड्यांचा इतिहास आटत गेला, युद्धावरचे लेख वाढले — महायुद्धातल्या विजयाचं पन्नासावं, साठावं असं मोठं वर्ष आलं की पीकच येतं त्यांचं. छान मांडलंत सगळं. आणि हा एकच, एक्कावन्न महिन्यांचा. सतरा अंक. व्होल्गेवरच्या नावाड्यांवर आहे, लेखक प्रोखोर ल्वोविच वेदेर्निकोव. कोण म्हणजे? इथल्या म्युझियममध्ये होता. माझा नवरा.

आडनाव वेगळं, हो, मी माहेरचंच ठेवलं. पण एवढ्याशा गावात काय लपतंय? मी इथली सचिव, कुठला लेख कुठल्या अंकात हे माझ्या हातात — लोक म्हणाले असते, लीदिया गेन्नादियेव्हना घरचं ताट आधी वाढते. म्हणून मागे ठेवला. वाईट होता म्हणून नाही, परीक्षकांनी आठवड्यात पसंत केला होता. पण दर अंकाला कुणीतरी निघायचंच. कुणा पोरीचा प्रबंध अडलाय, लेख छापून आल्याशिवाय तिला तोंडी परीक्षेला उभं करत नाहीत — दिली तिला जागा. मॉस्कोचे मोठे प्राध्यापक — दिली त्यांना. एकदा तर कुणीच नव्हतं. तेव्हा मी सूचीची पानं वाढवून जागा भरली. हे तुम्हाला कशाला सांगतेय मी, कोण जाणे.

विचारायचा तो. अंक निघाला की जेवताना — लीदा, माझे नावाडी कुठवर आले? रांगेत आहेत, मी म्हणायची. हसायचा. तिसऱ्या वर्षापासून विचारेनासा झाला. मला हायसं वाटलं — खरं तेच सांगते, हायसंच वाटलं. मग फेब्रुवारीत गेला, आणि पुढच्याच अंकात मी लेख घेतला. आता कोण काय बोलणार होतं? गेलेल्या लेखकाच्या नावाभोवती काळी चौकट घालायची, ती छापखान्यातले हमखास विसरतात. म्हणून प्रुफावर मीच पट्टी धरून आखली. चारही रेघा सरळ आल्या. रडू नाही आलं. अजूनही येत नाही, काय करू?

काय म्हणता — काढून टाकायचा? हो, आलेख बिघडतो खरा, त्याच्यापायी बाकीचे सगळे खाली चेपून बसलेत. काढा. नाही, आधी एक करा — तो काढला तर सरासरी किती उतरते? करा हिशेब, मी थांबते.

एक दिवस?

नीट पाहिलंत ना? अकराशे चाळीस लेखांत एक दिवस. म्हणजे मी पहिल्याच अंकात घातला असता, तरी कुणाला कळलंसुद्धा नसतं.

उठा आता, पाच वाजले. मला कुलूप लावायचंय. केक घेऊन जा, मी खात नाही.