तळ्यावरच्या काठ्या

डोंगरावरच्या बसथांब्याला रांगेत म्हातारी ग्रो उभी होती. तिच्या मागे एक जोडपं होतं.

“डेन्मार्कात तुम्ही टेकाडालाच पर्वत म्हणता, सिग्ने. मग आमच्या नॉर्वेत असं पडायला होणारच.”

“टोमणे पुरेत, तोर्केल. जन्मात पहिल्यांदा पायांत स्की घातल्या आणि तू मला टाकून पुढे निघून गेलास. मी आपली वाट दाखवायला बर्फात रोवलेल्या काठ्यांची खूण धरून त्या गोठलेल्या तळ्यावरून येत होते.”

“तळ्याच्या कडेने.”

“तळ्यावरून. एक म्हातारा माझ्यापुढे काठ्या रोवत चालला होता.”

“तळ्यावर आता कोणी काठ्या रोवत नाही गं. पूर्वी रोवायचे. रोवणारा माणूसच बर्फ फुटून आत गेला, सापडलासुद्धा नाही. तेव्हापासून वाट कडेने जाते.”

“मग हा कोण होता?”

“तू काय केलंस?”

“तूच म्हणालास ना, डोंगरावर कोणीही भेटलं तरी नमस्कार करायचा आणि समोरचा उत्तर देतोच. मी केला. त्याने मानसुद्धा वळवली नाही. मला कसंतरीच झालं, मी मागे फिरले.”

“बरं केलंस.”

इतका वेळ पाठमोरी असलेली ग्रो वळली.

“पोरी, नमस्कार केलास तेव्हा तू त्याच्या कुठल्या अंगाला होतीस?”

“डाव्या, आजी. का?”

“डाव्या कानाने ऐकू येत नाही त्याला.”

बस आली. ग्रोने रांग सोडली, खांद्यावरच्या स्की तळ्याच्या दिशेने बर्फावर ठेवल्या आणि त्यांत बूट अडकवायला ती वाकली.