जो गप आहे त्याच्याकडे आधी

नाई ना जी, योगेंद्र घरी नाई. फौजेत लागला तो, लखनौले आहे ट्रेनिंगले — तुमाले कोणी सांगतलं नाई? बसा ना, उभे काऊन? तो नाई म्हणून मी का चहा नाई पाजणार? मी त्याची आई. तुमी नाव सांगतलं तवाच समजली — बोरगाव मेघेचे भूपेंद्र. दवाखान्यात पाह्यलतं तुमाले, पण तवा तोंडावर पट्ट्याच पट्ट्या होत्या. आता चालून-फिरून राह्यले, चांगलं झालं. खरंच सांगते, चांगलं झालं.

फौजेत काय करते म्हणता? बंदूक शिकवतेच सगळ्याइले, पण त्याची भरती नर्सिंग असिस्टंटची — जखमी जवानाले सांभाळाचं. बारावी सायन्स केलतं ना त्यानं, मंग वर्षभराचा अ‍ॅम्बुलन्सचा कोर्स, मंग इथंच सेलूच्या गाडीवर ड्यूटी. अन् लखनौले त्याले पयल्यापासून शिकवून राह्यले म्हणते — पट्टी कशी बांधाची, माणूस कसा उचलाचा. हायवेवरचे किती माणसं उचलले या पोट्ट्यानं, अन् त्याले शिकवते! मी म्हटलं, तू सांगत काऊन नाई उस्तादाले, मले येते म्हणून? तर म्हणे, आई, मले काईच येत नाई असं समजूनच शिकतो मी. असं म्हणे. मले नाई आवडलं ते.

लहानपणापासून आवड होती? कायची जी! म्हणजे — लोकाइले मी तसंच सांगते. देशसेवा, वर्दी. गावात सत्कार केला त्याचा, शाल देली, मी बी फोटोत उभी राह्यली. पण फौजेचं नावही नव्हतं त्याच्या तोंडी. गाडीवरच राहीन म्हणे, आपल्याच रस्त्यावर, जेवाले रोज घरी. त्याचे बाबा तर गिऱ्हाइकाले सांगत — मी कपडे शिवतो, माहा पोरगा माणसं शिवते. चंद्रभान टेलर म्हटलं का बजारात सगळे वयखत त्याइले. ही मशीन त्याइचीच. आता मी बसते, फॉल-पिको करते, अस्तर लावते.

तुमाले आठवत नसन. कसं आठवन, तुमाले शुद्धच नव्हती. काळीपिवळी जीपमधी तुमी अन् आमचे हे एकाच शिटावर होते. हे वर्ध्याहून अस्तराचा कपडा घेऊन येत होते. ट्रकनं मारलं, गाडी उलटली — अन् अ‍ॅम्बुलन्स आली ती योगेंद्रचीच. दार उघडून उतरला, तर समोर बाप. अन् बाप बोलून राह्यले ना जी, चांगले बोलून राह्यले! "योगी, माही पिशवी पाह्य रे कुठं गेली." नुसता पाय मोडला असन असं वाटे. अन् बाजूले तुमी — निळे पडलेले, आवाज नाई. त्याइले कोर्समधी शिकवलं असते, जो वरडते त्याचा श्वास सुरू आहे, जो गप आहे त्याच्याकडे आधी जा. तो तुमच्याकडे आला. बापाले म्हणे, "थांबा बाबा, आलोच." तुमच्या तोंडातलं रक्त काढलं, मान सरळ धरली, रबरी फुग्यानं हवा देली. ड्रायव्हरनं सांगतलं मले — बाप हाका मारता मारता गप झाले. पोटात रक्त सांडत होतं म्हणे, बाहेर थेंब नाई. दवाखान्याच्या फाटकापर्यंतही नाई पोचले.

चहा घ्या. थंडा होऊन राह्यला.

डॉक्टरीणबाईनं हात धरून समजावलं मले — मावशी, पोरगा आधी बापाकडे गेला असता तरी रस्त्यावर काईच करता आलं नसतं, अन् हा दुसराही वाचला नसता. समजलं. मी काई येडी नाई. पण समजून का होते जी? मशीनवर बसलं का वाटते, जरासा हात तरी धरला असता बापाचा. हे मी त्याले कधीच म्हटलं नाई. एका शब्दानं नाई. तोच म्हणे, आई, बोल ना काई, शिव्या दे. मी ताट वाढो अन् उठून जाओ. मंग एक दिवस म्हणे, भरतीले चाललो. मी म्हटलं, जा. गावातले म्हणते, सीमेवर गेला. तो सीमेवर नाई गेला जी — तो घरातून गेला.

अन् आता भेव कायचं वाटते सांगू? तिथं काई झालं, गोळी लागली अन् पडला, तर तो वरडणारा नाई. लहानपणी इंचू चावला, तरी कोपऱ्यात गप बसून राह्यलता. तसाच पडून राहीन. तवा कोण्या पोरानं बोलणाऱ्याले सोडून याच्याकडे यावं — रोज दिवा लावते अन् हेच मागते मी. म्हणजे दुसऱ्या कोण्या माऊलीचा पोरगा हाका मारत राहीन, अन् तरी — हाव, तरी मी हेच मागते. काय करू?

नाई, तुमी नोका रडू. तुमचा का गुन्हा आहे? तुमी तर गप होते. त्याचा नंबर? नाई देत जी. रविवारी तोच फोन करते, तवा सांगीन — भूपेंद्र आलते, आपल्या पायानं चालत आलते. त्याले बरं वाटन. त्याले कोणीतरी हे सांगाले पायजेच होतं.

पण तुमी परत नोका येऊ. राग नाई, खरंच नाई. इतका वेळ मी बोलून राह्यली ना — बोलत नव्हती जी, तुमचा श्वास ऐकून राह्यली होती. चालू आहे. चांगला चालू आहे.

जा आता. दार राहू द्या तसंच उघडं, गिऱ्हाईक येते.